आवाज उतरवणारा माणूस

"मी ओरडून नाई राह्यलो, मी सांगून राह्यलो!"

शेजारचे काका हे वाक्य इतक्या जोरात म्हणायचे की माझ्या मांडणीवरचे पेले किणकिणायचे. सिंदी मेघेतली आमची दोन घरं एकाच भिंतीची. बांधणाऱ्याने ही मधली भिंत एका विटेची घातली आणि तिच्या पलीकडे नेमका आमच्या भागातला सगळ्यात मोठा आवाज राहायला आला.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. तो फोनवर बोलायला लागला की याला फोन कशाला लागतो, असं वाटतं. तो प्रेमाने हाक मारतो आणि समोरच्याच्या हातातली वाटी पडते. आमचे काका तसे होते, फक्त त्यांच्याकडे त्याला एक कारण होतं. ते भाजीबाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, बोलायचे.

एकदा लग्नकार्याची भाजी घ्यायला मी सकाळी सकाळी तिकडे गेले होते, तेव्हा त्यांना कामावर पाहिलं. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या, वांग्यांचे ढीग, पालक, कोहळे. भोवती घेणाऱ्यांचा गराडा आणि मध्ये उलट्या क्रेटवर काका उभे. "बोला भाऊ, बोला! भरताचे वांगे पाहा, देठ पाहा, बोला!" त्या गलक्यात त्यांचा आवाज सगळ्यांच्या डोक्यांवरून सरळ जायचा. तळेगावकडून माल घेऊन आलेला शेतकरी मागे बसून फक्त ऐकायचा. त्याच्या साऱ्या मेहनतीचं काय होणार, हे काकांच्या गळ्यावर होतं आणि काकांनी कुणाच्या मालाचा भाव पडू दिला नाही. बाजारात त्यांना फार मान होता.

अडचण एवढीच की घरी परतताना तो आवाज बाजारात ठेवून यायची सोय नव्हती.

मी घरी शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेते. पलीकडून "भाजीत मीठ काऊन नाई!" असं आलं की माझ्याकडची मुलं गणितात चुकायची. एका पोराने भागाकाराच्या उत्तरात खरोखरच 'मीठ' लिहून ठेवलं होतं. आम्ही खूप हसलो होतो.

काकूंचा आवाज मात्र मी त्या भिंतीतून कधीच ऐकला नाही. हिंगणीच्या होत्या त्या. कधी कढी, कधी पाटवडी घेऊन मागच्या दारातून यायच्या, वाटी ठेवायच्या आणि लगेच निघायच्या. बोलायच्या तेव्हा पदराचं टोक ओठांशी असायचं. "ह्यांचा आवाजच मोठा आहे," असं त्या कोणी न विचारता सांगायच्या, "मनानं वाईट नाहीत."

मग काकू आजारी पडल्या आणि लवकरच गेल्या. काकांनी दवाखान्यातही आरडाओरडा केला, डॉक्टरांशी भांडले, नर्सला बोलले. स्मशानातून परत आल्यावर मात्र पलीकडे एकदम गप्प झालं. थोड्या दिवसांनी टीव्ही मोठ्याने सुरू झाला आणि मला बरंच वाटलं, कारण ती शांतता सोसवत नव्हती.

त्यांना एकच मुलगी. नागपूरला नोकरी करायची. दिवाळीला यायची, ती संध्याकाळी परत जायच्या तयारीनेच. बॅग दारातच असायची.

एका दुपारी काका फाटकातून गरजले, "मॅडम! मले मांजर पाह्यजे!"

मी बाहेर आले. काकू गेल्यापासून घरात उंदीर फार झाले होते. धान्याची पोती कुरतडत होते. "सेलू रोडवर टाकून देल्लेल्या जनावरायचं ते घर आहे ना? तिथं भेटते म्हणे फुकट. तुमी चाला संग. ते डॉक्टरीण बाई शुद्ध बोलते, माह्यं तिच्याशी जमाचं नाई."

म्हणून आम्ही गेलो. पत्र्याची लांब शेड होती, पुढे कुत्री आणि मागे जाळीच्या खोलीत मांजरं. तिथल्या डॉक्टर मध्यम वयाच्या, पुरुषी शर्ट घातलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "मांजर कशाला हवी?"

"उंदरं धराले!" काका म्हणाले.

एका क्षणात खोली रिकामी झाली. फळ्यांवरची, टोपल्यांतली सगळी मांजरं कुठे गेली ते कळलं नाही. एकच राहिली. करडी, किडकिडीत, एका कानाचं टोक कापलेलं. नसबंदी झाली की तशी खूण करतात म्हणे. ती कोपऱ्यात आमच्याकडे पाठ करून, भिंतीला नाक लावून बसली होती.

"हे पाहा!" काकांना आनंद झाला. "हे भागली नाई. हिंमतवाली आहे. हेच द्या."

"ती हिंमतवाली नाही, काका," डॉक्टर म्हणाल्या. "ती इतकी घाबरली आहे की तिला पळताही येत नाही. कोणी आवाज चढवला की ती अशी भिंतीकडे तोंड करून बसते. जेवतेही तशीच. आधीच्या घरात काय सोसलं, ते तिलाच माहीत. दुसरी कोणतीही न्या, ही नको."

आता काका त्यांचं ते वाक्य म्हणणार म्हणून मी तयार राहिले. ते म्हणालेच नाहीत. जाळीला हात लावून त्या पाठीकडे पाहत राहिले.

"जेवते पण तशीच?" त्यांनी विचारलं.

"हो."

काका खाली सिमेंटवर बसले. डॉक्टर आपल्या कामाला गेल्या, एका कुत्र्याचं बँडेज बदलून आल्या, तरी काका तिथेच. मग उठून डॉक्टरांना म्हणाले, "मॅडम, हेच द्या. उंदरं राहू द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी शेजारीच राहते, लक्ष ठेवीन. त्या नाखुशीनेच तयार झाल्या. आपण मध्ये येऊन पाहू, खात नसेल तर परत नेऊ, असं त्यांनी बजावलं. परतताना ऑटोमध्ये काका मांडीवरच्या टोपलीकडेच बघत होते. हट्टी माणूस, नाही म्हटलं की तेच हवं, असं म्हणून मी मनात हसले.

घरी आल्यावर त्यांनी टोपली उघडली आणि अगदी मायेने म्हणाले, "ये व बाई! घाबरू नको! तुह्यंच घर आहे!"

ती बाण सुटावा तशी धान्याच्या कोठीमागे गेली आणि तिथेच राहिली.

त्यानंतर भिंतीतून मला रोज तेच ऐकू यायचं. "खाय ना व! मासे आणले तुह्यासाठी! काऊन खात नाई?" काका वाटी घेऊन कोठीजवळ उभे राहायचे आणि ती खाते की नाही ते वाकून बघायचे. मी एकदा जाऊन सांगितलं, "काका, जरा हळू बोला तिच्याशी."

"हळूच तं बोलून राह्यलो!" ते म्हणाले. मला तेव्हा कळलं की त्यांना खरंच तसं वाटत होतं.

ठरल्याप्रमाणे डॉक्टर आल्या. कोठी सरकवून त्यांनी मांजरीला उचललं, तिच्या बरगड्यांवरून बोटं फिरवली. "हिच्या अंगावर काहीच राहिलं नाही. मी घेऊन जाते."

"असं कसं नेता?" काका पुढे झाले. "मी काई कमी केलं का तिले? दूध देल्लं, मासे देल्ले, गादी केली!"

"काका, तुमचा आवाज..."

"मी ओरडून नाई राह्यलो, मी सांगून..."

मांजरीने डॉक्टरांच्या हातातच मुतलं. त्यांच्या शर्टाच्या बाहीवरून धार खाली आली आणि फरशीवर पसरली. मांजर थरथरत होती. तिने डॉक्टरांच्या काखेत तोंड खुपसलं होतं.

काका त्या ओल्या फरशीकडे बघत होते. मग आत गेले, फडकं घेऊन आले आणि खाली बसून पुसायला लागले. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांच्या हातात फडकं पहिल्यांदा पाहिलं. पुसून झालं तरी ते पुसतच होते. मान वर न करता म्हणाले, "मले थोडे दिवस द्या."

इतका लहान आवाज आपल्या गळ्यात आहे, हे त्यांनाही ठाऊक नसावं. डॉक्टरांनी मांजर हलकेच कोठीमागे सोडली. जाताना त्यांनी काकांना सांगितलं, "तिच्याकडे बघू नका. वाटी ठेवा, पाठ करून बसा. ती येईल तेव्हा येईल."

त्यानंतर भिंत मुकी झाली. टीव्ही नाही, कुकरची शिट्टी नाही, फोन नाही. मला भीती वाटली, काकांना काही झालं तर नाही? दुपारी मी हळूच त्यांच्या दारातून आत डोकावले. काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मांडी घालून, कोठीकडे पाठ करून बसले होते. मागे मांजरीची वाटी. आणि ते कुजबुजत होते.

"बोला भाऊ... भरताचे वांगे... देठ पाहा... बोला..."

मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग बाहेर येऊन ओशाळून म्हणाले, "काई तं बोलाव लागते ना तिच्याशी. मले दुसरं काई येतच नाई."

मग ते शिकायला लागले. पासष्टीच्या घरातला माणूस स्वतःच्याच घरात कसं राहायचं, ते नव्याने शिकत होता. कुकर माळ्यावर गेला आणि भात पातेल्यात शिजू लागला. फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल लागलं. भांड्यांच्या मांडणीवर जुनी गोधडी घातली गेली. फोन वाजला की काका तो छातीशी दाबून रस्त्यापर्यंत चालत जायचे आणि बदामाच्या झाडाखाली बोलायचे. गल्लीत कांदे-बटाटेवाल्याची भोंग्याची गाडी आली की काका अनवाणी धावत जाऊन त्याच्यापुढे नुसते हात जोडायचे. तो बिचारा वर्षानुवर्षं काकांच्या हर्रासातून माल घेणारा. पहिल्यांदा तो घाबरलाच. "मॅडम," तो मला म्हणाला, "भाऊची वाचा गेली का हो?"

गल्ली हसली, मीही हसले.

आणि एके दिवशी भिंतीवर बोटाने टकटक झाली. मी गेले. काका उंबऱ्यात बसलेले, नेहमीसारखी पाठ करून. त्यांनी मानेनेच मागे दाखवलं. करडी मांजर कोठीबाहेर येऊन वाटीतलं खात होती. भिंत तिच्या मागे होती आणि तोंड आमच्याकडे.

"पाह्यलं का?" काका ओठांतल्या ओठांत म्हणाले. "तोंड इकडे आहे."

त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं आनंदाने. मी काही चांगलं बोलणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मॅडम, या भिंतीतून तुम्हाले सगळं ऐकू येत होतं ना?"

"हो."

"सगळं?"

"सगळं, काका."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर ओढला. मांजर वाटी चाटत होती, तेवढाच आवाज.

"माह्यी बायको अशीच जेवे," ते दुपट्ट्याआडून म्हणाले. "इथंच. भिंतीकडे तोंड करून. मले वाटे, असते एकेकाची सवय. त्याच्यावरूनही मी तिले बोललो एकदा. म्हनलं, काऊन व, माह्यं तोंड पाहून घास उतरत नाई का? ते काईच बोलली नाई. ताट घेऊन उठली." त्यांनी तोंड पुसलं. "त्या दिवशी तिथं ते मांजर पाह्यली, अन् मले ते बसणं ओळखू आलं."

त्यांनी दुपट्टा पुन्हा खांद्यावर टाकला.

"मी तिले कधी हात नाई लावला. बाजारात छाती ठोकून सांगत होतो लोकायले, आपण बायकोवर हात नाई उचलला. आता समजते, मले हात उचलाची गरजच कुठी पडली?"

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "काकू नेहमी म्हणायच्या, ते मनाने वाईट नाहीत."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तेही हळूच म्हनलं असन तिनं," ते म्हणाले.

त्यानंतर बाजारातही त्यांचं मन लागेना. त्यांनीच मला एकदा सांगितलं. एक बाई नवऱ्याबरोबर पालक घेऊन आली होती. काकांनी क्रेटवर चढून पहिली हाळी दिली आणि तिने झटकन मान वळवून डोळे मिटले. "कितीक वर्षं असं होत असन, मॅडम. मी ढिगाकडे पाहत होतो, माणसाकडे कोण पाहते?" त्या दिवशी ते क्रेटवरून उतरले. हर्रास त्यांच्या भागीदाराने पुढे चालवला. काका वजनकाट्याजवळ बसायला लागले आणि मग तेही कमी झालं.

काकूंचं वर्षश्राद्ध आलं. मुलगी येणार होती. मी मदतीला गेले होते. भटजी जेवून गेले, पाहुणे गेले. मुलगी ताट घेऊन स्वयंपाकघरात बसली, मी वाढत होते. तेवढ्यात मांजर आली आणि काकांच्या पायाला अंग घासायला लागली. काका वाकले. "ये व बाई, ये. भूक लागली का? थांब, देतो." नुसता श्वास ऐकू यावा, इतकंच बोलले.

मुलीचा घास हातातच राहिला.

"बाबा, हे कधीपासून?"

काकांना वाटलं ती कौतुकाने विचारते आहे. एखाद्या पोराने बक्षीस दाखवावं तसं त्यांनी तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. कुकर कुठे ठेवला, फाटकाला तेल कसं लावलं, भोंगेवाल्याला कसं थांबवलं. मी त्यांना खुणावत होते, कारण मुलीचा चेहरा मला दिसत होता. ते बघतच नव्हते.

तिने ताट बाजूला सरकवलं.

"म्हणजे तुम्हाले येत होतं."

"काय, बेटा?"

"हळू बोलणं. मले वाटे तुम्हाले ते येतच नाई. लहानपणापासून मी तेच समजून राहली, बाबाचा आवाजच तसा आहे, देवानंच तसा देल्ला. आईनंही मले तेच सांगतलं. म्हणून आमी दोघी गप्प राहिलो." ती ओरडली नाही. तिचा आवाज हुबेहूब काकूंसारखा होता. "मांजरीसाठी जमलं तुम्हाले, बाबा. आईसाठी नाई जमलं."

काका काहीही म्हणू शकले असते. मी आता पस्तावतो आहे, असं म्हणू शकले असते. मला म्हणाले होते तेच तिलाही सांगू शकले असते. ते एवढंच म्हणाले, "हो."

मग पुन्हा म्हणाले, "हो बेटा."

तिने हात धुतले, दारातली बॅग उचलली आणि गेली. फाटक उघडलं आणि बंद झालं, त्याचाही आवाज आला नाही. कोणीच आवाज चढवला नव्हता, म्हणून मांजर पळाली नव्हती. ती खोलीच्या मधोमध बसून पंजा चाटत होती.

त्या दिवसानंतर काका फारसे बाहेर दिसेनात. गल्लीतले लोक आता कौतुकाने म्हणायचे, काका किती शांत झाले, वय झालं की माणूस निवळतो. हे कानावर आलं की ते खाली बघायचे. एकदा मला म्हणाले, "लोकायले सांगा ना मॅडम, मले चांगलं म्हणू नका. मले ते आयकवत नाई." मी कुणाला काय सांगणार होते! ते मांजरीची वाटी आधी भरायचे, ती खाऊन उठली की मग स्वतःचं ताट घ्यायचे. उंदीर तिने एकही धरला नाही. काकांनी पोती उचलून फळीवर ठेवली.

मग एका सकाळी भिंतीवर टकटक झाली, पण सारखी नाही, तुटक. मी धावत गेले. काका भिंतीला टेकून बसले होते, घामाने भिजलेले, हात छातीवर. ऑटो बोलावला. ऑटोवाला हॉर्न दाबायला गेला, तर तशा अवस्थेतही काकांनी त्याचा खांदा धरून मान हलवली. गल्लीच्या टोकापर्यंत आम्ही मुकाट्याने गेलो.

दवाखान्यात आत नेण्याआधी त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, मुलीसाठी काही निरोप असेल. ते म्हणाले, "वाटी ठेवजा अन् वापस येजा. उभं नका राहू तिच्यावर."

काका परत आले नाहीत.

तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलं होतं. बाजारातली सगळी मंडळी येऊन गेली आणि सगळ्यांनी काकांच्या आवाजाच्या आठवणी मोठमोठ्याने सांगितल्या. असा गळा पुन्हा होणे नाही, म्हणाले. मुलगी ऐकत होती. मांजर पहिल्याच दिवशी माळ्यावर चढली होती आणि नंतर कुणाला दिसली नाही. नातेवाईक गेले. कुणीतरी म्हणालं, मांजर आपोआप निघून जाईल कुठेतरी, घराला कुलूप लाव. मुलीने लावलं नाही. ती राहिली. काकू गेल्यापासून ती त्या घरात आपण होऊन पहिल्यांदाच राहत होती.

मी दुपारी चहा घेऊन गेले. ती उंबऱ्यात, माळ्याकडे पाठ करून बसली होती. मागे वाटी होती. हे तिला कोणी सांगितलं, असं मी विचारलं.

"बाबांनी," ती म्हणाली. "दर रविवारी फोन करत होते, मावशी. मी उचलत होती, पण बोलत नव्हती. तेही मले काई विचारत नव्हते. आज काय खाल्लं तिनं, कुठं झोपली, तिच्यासमोर कसं बसाचं, असं सगळं हळूहळू सांगत होते अन् ठेवून देत होते. माफी बिफी कधी मागतली नाई." तिने चहाचा कप खाली ठेवला. "एकदाच विचारलं. म्हणे, तुह्या आईले कोणती भाजी आवडे ते मी कधी विचारलं नाई. जिंदगीभर भाजी विकली. तुले माहीत असन तं सांग."

"मग?"

"मी फोन ठेवून देल्ला." तिने मागची वाटी जरा सरकवली. "त्यायले वाटलं असन, रागानं ठेवला. मलेही माहीत नव्हतं, मावशी. मीही कधी विचारलं नाई आईले."

मलाही माहीत नव्हतं. काकूंच्या हातचं इतकं खाल्लं होतं मी.

ऊन उतरता उतरता मांजर खाली आली. आधी वाटी, मग मुलीचा हात हुंगून ती मुलीने न्यायला म्हणून शेजारी ठेवलेल्या टोपलीत जाऊन बसली. मुलीने टोपलीवर काकूंचं एक सुती लुगडं घातलं. नागपूरहून गाडी मागवलेली होती, ती दारात उभी होती. ड्रायव्हर गाडी सुरू करणार, तोच मुलगी म्हणाली, "भाऊ, आता नका चालू करू. रस्त्यापर्यंत ढकलू, तोवर ते टोपलीत निवांत होईन."

ड्रायव्हरला कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पदर खोचला आणि गाडीच्या मागे जाऊन हात टेकले. मुलीने टोपली मागच्या सीटवर ठेवली आणि माझ्याशेजारी आली. गाडी हलायला तयार नव्हती. समोरच्या घरातले आजोबा काठी ठेवून आले. त्यांची सून आली, शिकवणीला आलेली माझी दोन पोरं आली. कोणी विचारलं नाही, काय झालं, काऊन ढकलून राह्यले. पावलांचा आणि खडीवर फिरणाऱ्या चाकांचाच काय तो आवाज.

मोठा रस्ता आला तेव्हा आम्ही थांबलो. मुलगी आत बसली आणि टोपली मांडीवर घेतली. गाडी सुरू झाली तसं ती लुगड्यावर वाकून काहीतरी बोलू लागली. काय ते काचेतून ऐकू आलं नाही. जाताना तिने हात हलवला नाही, दोन्ही हातांनी तिने टोपली धरलेली होती.